कुत्रं जगलं पाहिजे

कुत्रं भुंकलं नव्हतं. पुढं कैक वर्षांनी कुणी विचारलं तरी द्वारकाबाई आधी हेच सांगायची. भुंकलं असतं तर ती थांबली असती, आरडली असती, निदान डोक्यावरची पाटी तरी मधे धरली असती.

चोपन्न सालची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. अंथुर्ण्याच्या शिवारात सकाळचं दहिवर पडलं होतं, म्हणून तिनं डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेली. मेथीच्या जुड्या बारामतीच्या बाजाराला जायच्या होत्या, त्या धुवायला ती सामाईक विहिरीकडं निघाली. वाट तिच्या थोरल्या दिराच्या, रावजीच्या, पेरूच्या बागेकडेनं जाते. बांधावर ती वळली न वळली तोच मागून पोटरीत काहीतरी घुसलं. विळा लागला की काय, असं तिला क्षणभर वाटलं. मग ती पालथी पडली, आणि पायाला हिसके बसायला लागले.

तिचा नवरा गेणबा पलीकडच्या वाफ्यात पाण्याची दारं धरत होता. किंकाळी ऐकून तो हातातलं खोरं घेऊन धावला आणि त्यानं कुत्र्याच्या मानेवर खोऱ्याचा दांडा हाणला. कुत्र्यानं पाय सोडला आणि तुटलेली साखळी फरफटवत ते सरळ आपल्या खोलीत जाऊन बसलं. रावजीच्या गड्यानं लांबूनच काठीनं दार ढकलून बाहेरून कडी घातली.

ते रावजीचं कुत्रं होतं, सुलतान. दोन वर्षांमागं कळसच्या धनगरांची मेंढरं खतासाठी रावजीच्या रानात बसली होती, तेव्हा ती निघताना त्यानं त्यांच्याकडून पिलू मागून घेतलं होतं. विहिरीजवळच्या रिकाम्या इंजिनखोलीत ते वाढलं. खोलीला गजांचं दार, आत उजेड कमीच. वर्षभरात लोकांनी बांधावरची वाट सोडली; विहिरीसाठी द्वारकाबाईला तेवढी ती चुकत नव्हती. रावजी चावडीवर मिशीला पीळ देऊन सांगायचा, "आपल्या बागंतला पेरू पाखरू बी उचलत न्हाय."

गेणबानं जखमेवर हळद दाबली, वर धडपा बांधला. द्वारकाबाईला कळ जाणवत नव्हती. तिच्या नजरेपुढं कळंबच्या ठमाबाईचा नवरा उभा राहिला होता. ठमाबाई तिची लांबची नणंद. गेल्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं, आणि तिसऱ्या महिन्यात त्याला बाजेला बांधायची वेळ आली. द्वारकाबाई भेटायला गेली होती. कुणीतरी पाण्याचा तांब्या जवळ नेला, तर माणसाचा गळाच कुणी आतून पिळावा तसा झाला. शेवटी शेवटी तो नुसत्या भांड्याच्या आवाजानं ताठ व्हायचा. बायकोला ओळखत होता, हात जोडून म्हणत होता, पाणी नगं. ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

"मला दवाखान्यात न्या," ती एवढंच म्हणाली.

एस्टीनं दोघं बारामतीला पोचली. डॉक्टर उतारवयाचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी साबणाच्या पाण्यानं जखम कितीतरी वेळ धुतली, पोटात पहिली सुई दिली. मग विचारलं, "कुत्रं कुठं आहे?"

"कोंडून ठिवलंय," गेणबा म्हणाला. "आज मारतीलच."

"अजिबात मारू नका." डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. "दहा दिवस त्याला कोंडून ठेवा, अन्नपाणी द्या, नजर ठेवा. कुत्रं पिसाळलेलं असेल तर दहा दिवसांच्या आत मरतंच. जगलं तर यांना धोका नाही, मी सुया बंद करीन. पण तुम्हीच मारलंत तर मला काही कळायचा मार्ग राहणार नाही. मग चौदा सुया घ्यायच्या आणि देवावर हवाला ठेवायचा."

"आन् सुया घिऊन बी?" द्वारकाबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं आणि खरं ते सांगितलं. "बहुतेक वेळा वाचतात."

बहुतेक. परतीच्या एस्टीत तो शब्द तिच्या पोटात सुईच्या जागी दुखत राहिला.

अंथुर्ण्यात उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. इंजिनखोलीपुढं रावजी आणि त्याचे दोन गडी उभे होते. रावजीच्या हातात भाला होता. आतून गुरगुर येत होती, दगडावर दगड घासावा तशी.

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण थोरल्या दिराशी द्वारकाबाई कधी समोरासमोर बोलली नव्हती. काही सांगायचं तर जावेच्या तोंडून. ती लंगडत पुढं झाली. डोक्यावरचा पदर तेवढा तिनं पुढं ओढला.

"भावजी, त्याला मारू नगा."

रावजीला आधी कोण बोललं तेच कळलं नाही. "काय?"

"त्यो मेला तर मी बी मेले. डाक्तर बोलल्यात. धा दिस त्यो जगला पायजे."

"अगं, येडी का काय तू? त्यानं तुला फाडलं. जातच खोटी हाय त्येची. लांडग्याचं रगत हाय धनगराच्या कुत्र्यात. आमी फसलो."

"खोटी असंल. पर धा दिस ऱ्हाऊ द्या."

गेणबा मागं उभा होता. तो थोरल्या भावापुढं कधी बोलत नसे, आजही बोलला नाही. पण येऊन बायकोच्या शेजारी उभा राहिला. रावजीनं दोघांकडं बघितलं आणि भाला गड्याच्या हातात दिला.

"ठिवा मग. पर आमच्या घरातलं कुणी हितं यायाचं न्हाय. भाकरी तूच घाल त्याला."

असं ते काम तिच्यावर आलं. जिनं फाडलेला पाय घेऊन उभं राहायचं, तिनंच त्या तोंडाला घास द्यायचा.

पेरू तोडायच्या आकडीला तिनं भाकरी अडकवली. आकडी सात हात लांब, तरी ती पुरी वाटेना. आत अंधारात दोन डोळे तेवढे दिसत होते. तिनं भाकरी आत सारली, आणि दार हादरलं. कुत्र्यानं आकडीच धरली होती. ती आकडी टाकून पळाली आणि पेरूच्या झाडाला धरून ओकली.

दुसऱ्या दिवशी भाकरी संपलेली होती, मातीच्या परळातलं पाणीही निम्मं झालं होतं. तिला एवढं हायसं वाटलं की बारामतीला जाताना एस्टीत ती शेजारणीशी चार शब्द बोलली.

तिसऱ्या दिवशी भाकरी तशीच पडली होती. पाणी तसंच होतं, वर एक वाळकं पान तरंगत होतं.

ती गजांपासून दहा पावलांवर बसली आणि बघत राहिली. कुत्रं उठलं. परळापाशी आलं, तोंड खाली नेलं आणि एकदम मागं सरलं. त्याच्या जबड्यातून लाळेची तार लोंबत होती. परत आलं, परत मागं सरलं. घशातून घरघर आली.

द्वारकाबाई उठली. घरी येऊन तिनं माठातलं पाणी तांब्याभर प्यायलं. थोड्या वेळानं परत प्यायलं. गिळताना घशाला हात लावून बघायची, अडकतंय का, आवळतंय का. भाकरी थापता थापता उठायची आणि घोट घ्यायची. संध्याकाळपर्यंत पोटाचा माठ झाला.

"किती पितीस?" गेणबानं विचारलं.

"जातंय का बघती," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या धरूनच रडायला लागली. गेणबा तिच्याजवळ बसला. त्यानं तिच्या हातातून तांब्या घेतला, स्वतः एक घोट प्यायला आणि परत तिच्या हातात दिला.

चौथ्या दिवशी ती सुई घेऊन परतली, तर दारात एक धनगरीण उभी. खांद्यावर काळी घोंगडी, पायात जाड वहाणा, वय पन्नाशीचं. कळसहून चालत आलेली.

"मी सारजा," ती म्हणाली. "तुमच्या रावजीला पिलू दिलं ती. काल त्येची दोन माणसं कुऱ्हाड घिऊन आमच्या मेंढरांच्या वाड्यावर आली. म्हनत्यात, पिलाची आय हाय ती कुत्रीच मारायची, बियानंच खोटं हाय. माझा ल्योक सिद्धू आडवा झाला म्हनून वाचली. माझी कुत्री कोकरांत निजती, बाई. नातवंडं तिचं कान धरून चालाय शिकली. मला बघू द्या तरी, त्या पिलाचं काय झालं."

द्वारकाबाईनं तिला नेलं. जाताना सगळं सांगितलं, पाणी न पिण्याचंही. सारजाची चाल तेवढ्यानं मंदावली, पण थांबली नाही.

गजांपाशी सारजा उकिडवी बसली. तोंडानं मेंढरांना घालतात तसा हलका आवाज करायला लागली. कुत्र्यानं तिला ओळखलं वगैरे काही नाही. दात दाखवून ते कोपऱ्यात दबलं. सारजा कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. वास बघितला. मग म्हणाली, "मान बघा त्येची."

"अंधार हाय."

"माश्या दिसत्यात का? गळ्यात तार हाय. पिलू असताना बांधलेली कुनी काढलीच न्हाय. कुत्रं वाढलं, तार तेवढीच ऱ्हायली. मांसात गेलीया. वरनं मानंवर काय बसलं का त्येच्या?"

"आमच्या मालकांचा दांडा."

"मग सुजलंय. पानी नगं असं न्हाय, बाई. गिळता येत न्हाय त्याला." ती थांबली. "असं मला वाटतंय. देवाची आन घिऊन सांगता यायाचं न्हाय. पिसाळलं बी असंल."

मग सारजाच पुढं म्हणाली, "तार तोडली न्हाय तर ते धा दिस जगत न्हाय. मग ते कशानं मेलं, तुमच्या डाक्तराला बी कळायचं न्हाय."

गेणबा पक्कड घेऊन आला. तो दिसताच कुत्रं गजांवर येऊन आदळलं आणि असं ओरडलं की गेणबा दोन पावलं मागं आला. पुरुष माणूस बघितला की त्याला आवरत नव्हतं. सारजानं गेणबाला भिंतीआड जायला सांगितलं. "साखळी बी वढू नगा, तार आनखी रुतंल. आत जायाला लागंल. घोंगडी मी टाकती आन् वर बसती. तोडायला दुसरं मानूस पायजे."

दुसरं माणूस म्हणजे कोण, ते द्वारकाबाईला कळत होतं. गेणबानं जाताना दिलेली पक्कड तिच्या हातात होती. आत गेलं आणि परत चावलं तर? या वेळी हाताला, तोंडाला? ठमाबाईच्या नवऱ्याचा गळा तिला दिसत होता. पळून जावं, घरात जाऊन कडी लावावी आणि चौदा सुया पुऱ्या कराव्यात, बहुतेक वेळा वाचतात. एवढं सगळं मनात येऊन गेलं, आणि तरी ती सारजाच्या मागं आत शिरली. का शिरली ते तिला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही.

आत कुबट वास होता. सारजा भिंतीकडेनं सरकत गेली, घोंगडी दोन्ही हातांत पसरून. कुत्रं उडी घेणार तोच तिनं घोंगडी त्याच्या तोंडावर टाकली आणि सगळ्या अंगाचा भार घालून वर पडली. खालून धडपड, घरघर, नखांचा आवाज. "या! या लवकर!"

द्वारकाबाई गुडघ्यांवर बसली. घोंगडीच्या कडेखालून मान चाचपली. बोटांना गरम, ओलं लागलं. तार सापडेना. मांसात बोट घालून तिनं ती वर उचकटली, तसं कुत्रं असं किंचाळलं की ते जनावर आहे हेच ती क्षणभर विसरली. पक्कड निसटली. परत धरली. दोन्ही हातांनी दाबली. कट्ट झालं. सारजानं तिला ढकललं, दोघी दाराबाहेर पडल्या आणि गेणबानं कडी घातली. द्वारकाबाईनं हात बघितले, पुढून, मागून, बोटांच्या बेचक्यांतून. ओरखडा नव्हता. मग साबण लावून तिनं ते कातडी सोलेल इतके घासले.

कुत्रं बराच वेळ पडून होतं. ऊन उतरायच्या सुमाराला उठलं, परळापाशी गेलं आणि लप्‌लप् पाणी प्यायला लागलं. द्वारकाबाई तो आवाज ऐकत मटकन खाली बसली.

तेव्हाच तिची जाऊ सरुबाई बागेतून आली. रावजीची बायको. डोळे खाली, पदर तोंडाशी. इकडं तिकडं बघून ती घाईघाईनं बोलली, "धाकटे, तुला म्हाईत न्हाय. हे रोज त्याला भाकरीत मिरचीचा ठेचा घालायचे. दोन दोन दिस उपाशी ठिवायचे. भुंकलं की काठी. चोर सावध होतो म्हनायचे, मुकं चावलं पायजे. आन् गड्याच्या अंगावर गोनपाट टाकून त्याला त्येच्यावर सोडायचे. चोर पोती घिऊन येत्यात ना."

द्वारकाबाईला त्या सकाळची खोळ आठवली. कुत्र्यानं तिला धरलं नव्हतं, गोणपाटाला धरलं होतं. शिकवलेलं तेवढं केलं होतं.

"तू बोलली न्हाईस कधी?"

"मी बी त्याच घरात ऱ्हाते," सरुबाई म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

उरलेले दिवस भीतीतच गेले, पण आता तिला रोज काहीतरी करायचं होतं. ताकात कुस्करलेली भाकरी, आकडीनं आत सरकवलेला परळ. कुत्रं गुरगुरत खायचं. रोज सकाळी खोलीकडं जाताना तिचा श्वास अडकायचा, ते हलताना दिसलं की सुटायचा. नवव्या दिवशी ते झोपलेलं होतं आणि हाका मारूनही हलेना. तिनं आकडीनं गज वाजवले. उठलं. ती तिथंच बांधावर बसून राहिली.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. गेणबाला पुन्हा पुन्हा विचारलं, खातंय का, पितंय का, चालतंय का. मग म्हणाले, "बाई, तुम्ही सुटलात. सुया बंद."

परत येतात तर रावजी इंजिनखोलीपुढं उभा. सारजा आणि तिचा मुलगा सिद्धूही आले होते. त्यांची मेंढरं उद्या कोकणाकडं निघणार होती, आणि सारजानं कुत्रं मागितलं होतं.

"न्यायचं न्हाय," रावजी म्हणत होता. "आता ते पिसाळलेलं न्हाय ना? मग माझं हाय. आसलं राखनीचं जनावर मिळत न्हाय. जरा तिखट हाय, ते जातीचंच हाय."

"जात हाय की," सारजा म्हणाली. "मी कुठं न्हाय म्हनते? मेंढराचं कुत्रं हाय ते. लांडग्याच्या नरड्याला धरतंय. ते त्येच्या रक्तातच हाय. पर लांडगा कोन आन् मानूस कोन, ते त्याला दाखवावं लागतं, रावजीबाबा. तुमी त्याला मानूसच लांडगा म्हनून दाखवला."

"तू मला शिकवू नगंस."

द्वारकाबाईनं तोंड उघडलं. "भावजी, ते कुत्रं हितं ऱ्हायलं तर मी उद्या चावडीवर जाऊन सगळं सांगीन. मिरची, गोनपाट, समदं. कुनी सांगितलं ते सांगायची न्हाय."

रावजी लालबुंद झाला. त्यानं बागेकडं बघितलं, जिथं सरुबाई पेरू वेचत होती. मग तो थुंकला आणि निघून गेला. त्या दिवसापासून त्यानं धाकट्या भावाच्या घराशी बोलणं टाकलं. सामाईक विहिरीच्या पाळीवरूनही पुढं बरीच वर्षं तंटे झाले.

सिद्धूनं कुत्र्याला सुताच्या दोरीचं मुसकं घालून नेलं. मेंढरं जेठात कोकणातून परतली, तेव्हा सारजा भेटून गेली. कुत्रं जगलं होतं, अंगावर मांस आलं होतं. कोकरांना काही करत नव्हतं. पण काठी घेतलेला परका माणूस दिसला की अजून मुकाट्यानं जायचं त्याच्या अंगावर. वाटेत एकाला त्यानं धरलंही होतं. "त्येला जन्मभर दोरी लागनार," सारजा म्हणाली. "जे शिकलं ते सगळं काय पुसत न्हाय."

द्वारकाबाईचंही तसंच झालं. पोटरीवर खड्डा राहिला, आणि गल्लीत कुत्रं आडवं आलं की ती भिंतीला पाठ लावायची.

त्याच पावसाळ्याच्या तोंडाला एका दुपारी ती विहिरीवर गेली, तर इंजिनखोलीतून बारीक केकाटणं ऐकू आलं. रावजीनं कुठूनसं दुसरं पिलू आणलं होतं. दीड महिन्याचं असेल. गळ्यात तार, दोन पिळे दिलेले. पुढ्यातला भाकरीचा तुकडा मिरचीनं लालभडक दिसत होता.

ती उभी राहिली. परत फिरली. दहा पावलं गेली आणि थांबली. मग तिनं कडी काढली, आत गेली, तारेचे पिळे उलगडले आणि पिलू पदरात घेतलं. ते भुकेनं तिच्या बोटाला झोंबायला लागलं. इवलेसे दात. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, डोळे मिटले गेले, पण तिनं बोट काढलं नाही.

बांधावरून रावजी ओरडला, "ए, कुठं नेतीस ते?"

"आमच्या दारात," ती न थांबता म्हणाली. "राखन दोन्ही घरांची करील."

तिची पावलं घाईनं पडत होती. मागं वळून बघायचं धैर्य तिच्यात नव्हतं.